दस्तगीरमामांनी काढलेला पत्रा

आमचे शेजारी दस्तगीरमामा कुठलंही यंत्र दुरुस्त करायला घेतलं, की त्यातला निदान एक तरी भाग काढून टाकतात. शिलाई मशीन असो, पंखा असो की पाण्याची मोटार, ते झाकण उघडतात, चष्मा कपाळावर सरकवतात, आत बोट फिरवतात आणि एखादी पट्टी बाहेर काढून म्हणतात, "हे फिजूल हाय." त्यानंतर ते यंत्र खरंच चालतं, हीच मोठी अडचण आहे. बंद पडलं असतं तर गल्लीनं कधीच त्यांचा नाद सोडला असता.

मामा साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर कळंबला, आमच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत एकटेच राहतात. सोबतीला पाच कोंबड्या आणि एक मोपेड. मोपेडला आरसा नाही, हॉर्न नाही, पुढचं मडगार्ड नाही. हॉर्नचं काम ते तोंडानं करतात. बाजारात मागून "सरका दादा, सरका मावशी" असं शांतपणे ऐकू आलं की समजावं, मामा आले.

त्यांचं खरं वैर खडखडीशी. रस्त्यानं जाणाऱ्या टेम्पोचा फाळका वाजला तरी ते हात करून टेम्पो थांबवतात. एकदा काही कामासाठी ते मला भेटायला आमच्या शाळेत आले. मी वर्गावर होते म्हणून शिपायानं त्यांना मुख्याध्यापकांच्या रिकाम्या खोलीत बसवलं. तिथल्या खुर्चीचा एक हात हलत होता. मी येईपर्यंत मामांनी तो काढून टेबलावर नीट ठेवला होता. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक सवयीनं त्या बाजूला रेलले. पुढचं मी सांगत नाही, मला अजून त्याच शाळेत नोकरी करायची आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला माझी जुनी गाडी खालून वाजायला लागली. चालू केली की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा. मी गॅरेजला न्यायचं म्हणत होते, पण मामांनी भिंतीपलीकडून तो आवाज ऐकला आणि पोतं अंथरून ते थेट गाडीखाली शिरले. अर्ध्या तासानं बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात ताटाएवढा वाकडा, गंजका पत्रा होता. सायलेन्सरच्या नळीखाली बसवलेला. त्याचे दोन बोल्ट गंजून तुटले होते.

मी विचारलं, की कंपनीनं लावलाय म्हणजे काहीतरी कामाचा असेल ना. मामांनी पत्रा उलटासुलटा करून पाहिला. ना त्यात काही फिरतं, ना त्यातून काही वाहतं, मग काम कसलं, असं त्यांचं म्हणणं पडलं. "फिजूल हाय, मास्तरीण. चालवून बघा." चालवून पाहिली. गाडी एकदम गप्प झाली होती. मामा तो पत्रा घेऊन घरी गेले आणि मी खूश झाले.

चार दिवसांनी, रविवारी, मी आईला घेऊन ईटला निघाले. तिथं गावाबाहेर मावशीची वस्ती आहे. आईचे गुडघे दुखतात म्हणून सावकाश गेलो. गावात माझ्या मैत्रिणीकडं चहाला थांबलो, गप्पांत दीड-दोन तास गेले, आणि मग वस्तीवर पोचलो. ज्वारी नुकतीच निघाली होती. चिंचेच्या सावलीत कडब्याची भलीमोठी गंज रचलेली होती, मावशीच्या जनावरांची वर्षभराची वैरण. सावली तेवढीच, म्हणून मी गाडी गंजीच्या कडेला, वाळक्या गवतावर लावली. आई म्हणाली, पाय आखडलेत, जरा इथंच पडते. तिला मागच्या सीटवर आडवी करून, दारं उघडी ठेवून मी घरात गेले.

इकडं कळंबला काय घडलं होतं ते मला नंतर कळलं. मामा अंघोळीचं पाणी अंगणात बंबावर तापवतात. बंबाशेजारीच कोंबड्यांचं लाकडी खुराडं आहे. त्याला धग लागायची, म्हणून मामांनी त्या दिवशी माझा पत्रा मधे उभा केला. बंब पेटला, पाणी उकळायला आलं, आणि मामांनी पाहिलं तर कोंबड्या पत्र्याच्या पलीकडं निवांत बसलेल्या. त्यांनी अलीकडं हात धरला, चटका बसला. पलीकडं धरला, तर नुसतं कोमट. गाडीखालची नळीही अशीच तापते आणि आता तिच्या नि खालच्या गवताच्या मधे काहीच नाही, हे मामांच्या तेव्हा ध्यानात आलं. मग त्यांनी मला फोन लावला. तेव्हा मी मैत्रिणीकडं गप्पांत होते आणि फोन गाडीतच राहिला होता. सात-आठ वेळा लावला आणि मग अंघोळ न करताच मोपेड काढली; मावशीची वस्ती त्यांना ठाऊक होती आणि आम्ही तिथं चाललोय हे आई सकाळीच सांगून निघाली होती.

मी मावशीच्या चुलीपाशी जेमतेम टेकले होते. कसलासा करपल्याचा वास आला. मावशीला वाटलं भाकरी लागली, तिनं तवा उचलून पाहिला. तेवढ्यात बाहेर मोपेड बंद झाल्याचा आवाज आला आणि दारात मामा दिसले. अंगात बनियन, त्यावर गुंडी न लावलेला सदरा, भुवयांवर धूळ. मागच्या कॅरियरला तो पत्रा सुतळीनं बांधलेला. पण नमस्कार नाही, पाणी नाही, त्यांनी एवढंच विचारलं, "आक्का कुठं हायत?"

मी गाडीकडं बोट दाखवलं. साठी उलटून गेलेला माणूस असा पळताना मी पहिल्यांदाच पाहिला. गाडीखालून धुराची बारीक रेघ निघत होती. मामांनी आईला हाताला धरून उतरवलं, मला गाडी पुढं घ्यायला सांगितलं. मी किल्ली फिरवली आणि गाडी मोकळ्या नांगरटीत नेऊन उभी केली. मागं वळून पाहिलं तर मामा गुडघ्यावर बसून हातानंच गवत उपटत होते. मावशीनं रांजणातून कळशी भरून आणली आणि ओतली. चर्र झालं आणि संपलं. परातीएवढी जागा काळी पडली होती. तिथून गंज तीन-चार हातांवर.

आईला तर काय झालं तेच कळलं नव्हतं. तिनं मामांना विचारलं, की एवढ्या उन्हाचं कसं काय येणं केलंत. मावशी मटकन ओट्यावर बसली आणि हसायला लागली, आणि मग मलाही हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ते वेगळं.

मामा मात्र हसले नाहीत. नळी गार होईपर्यंत ते गाडीजवळच बसून राहिले. मग खिशातून दोन नव्या क्लिपा काढून खाली शिरले आणि पत्रा पुन्हा जागेवर घट्ट बसवला. बाहेर आल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, "सारी उमर बॉयलरपाशी काढली. तरी म्या आवाज ऐकला, धग इसरलो. चूक माझी हाय."

परतताना आईनं त्यांना मोपेडवर बसू दिलं नाही. मोपेड मावसभाऊ दुसऱ्या दिवशी आणणार होता. मामा माझ्या शेजारी अंग चोरून बसले. मागं आईचा डोळा लागला तसे ते हलक्या आवाजात बोलू लागले. त्यांची बायको, रशीदाबी, शेवटचं वर्षभर अंथरुणाला खिळून होती. झोप फार उशिरा लागायची आणि जराशा आवाजानं मोडायची. पंख्याची जाळी वाजली, काढली. दाराची कडी वाजली, काढली. मोपेडचं मडगार्ड वाजायचं, तेही काढलं. असं करत करत त्यांनी सारं घर गप्प केलं.

"ती गेली त्याला सहा वर्सं झाली," मामा म्हणाले. "आता कुणाची झोप मोडायची न्हाय. पण हात थांबत न्हायत बघा."

गाडी मी उगाच सावकाश घेतली. थोड्या वेळानं मागून आईचा आवाज आला. ती झोपलेली नव्हतीच.

"दस्तगीरभाऊ, उद्यापासून दुपारचं जेवण आमच्याकडं करायचं."

मामांनी तोंड खिडकीकडं वळवलं. म्हणाले, "मीठ कमी घाला, आक्का. मला बीपी हाय."