मलिद्याला दहावा माणूस

अर्थशास्त्र कॉलेजात ठेवून घरी यावं, असं आमच्या हिचं, म्हणजे दिनाचं, मत आहे. मी ते घरीही वापरतो आणि मला त्याचा अभिमान आहे. (पनवेलच्या पोरांना वर्षानुवर्षं घटत्या उपयोगितेचा नियम शिकवायचा आणि आपल्यावर वेळ आली की विसरायचा?)

झालं असं, की आमची लेक ताली सीए झाली. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. नवस फेडायचा म्हणजे घरी मलिदा करायचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं, आणि प्रार्थनेला दहा पुरुष. नऊ असले तर प्रार्थना सुरूच होत नाही. आमची निम्मी माणसं इस्राएलला जाऊन बसल्यामुळे इथे पोह्यांपेक्षा पुरुष जमवणं अवघड.

"बारा-तेरा जणांना सांगून ठेवा," दिना म्हणाली. "निदान आमच्या यायरला तरी सांगा."

"हे बघ, पहिला वडापाव खाताना जीव सुखावतो, पाचवा नकोसा होतो. पाहुण्यांचंही तसंच. माझ्यासकट दहा बस. अकराव्याची उपयोगिता शून्य."

"म्हणजे माझा भाऊ पाचवा वडापाव?"

"मी नियम सांगतोय, दिना."

मलिद्याच्या दिवशी माझ्यासकट नऊ झाले. दहावे कळंबोलीचे रुबेनकाका. त्यांचा पत्ता नाही, फोनही उचलेनात. ताली संध्याकाळच्या विमानाने बेंगळुरूला नोकरीवर रुजू व्हायला निघणार होती.

"पप्पा, नवस न फेडताच जायचं का मी?"

तिचा चेहरा बघवेना. काकांना आणायला मी स्कूटर काढली. कळंबोलीला पोचलो तर शेजारीण म्हणाली, "काका? ते तर रिक्षाने तुमच्याकडेच गेले की!"

तेवढ्यात दिनाचा फोन. "अहो, काका आले. आता तुमच्यामुळे अडलंय. लवकर या."

माझ्यामुळे अडलंय! लग्न झाल्यापासून या घरात माझ्यावाचून काही अडल्याचं मला आठवत नाही. छाती फुगली. थोडं पुढे आलो तर तालीचा फोन, "पप्पा, तुमच्याशिवाय सुरूच करता येत नाहीये!" मग खुद्द रुबेनकाकांचा, "इनॉक, कुठे आहेस बाबा? सगळे तुझ्याकडे डोळे लावून बसलेत."

प्रत्येक फोन आधीच्यापेक्षा गोड. म्हणजे नियमाला अपवाद सापडला, आणि तो मी! (एवढा मोठा शोध चालत्या स्कूटरवर कसा पचणार?) टपरीशी थांबून एक कटिंग घेतला. पुढच्या फोनची वाट पाहिली. आणखी एक कटिंग घेतला. फोन काही आला नाही.

जिना चढतानाच वरून गाण्याचा आवाज आला. माझ्या जागेवर, माझी टोपी घालून, जवळच्याच विचुंब्याचा यायर माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात प्रार्थना म्हणत होता. वाट बघून कंटाळलेल्या दिनाने त्याला बोलावून घेतलं होतं. शेजारी ताली डोळे मिटून उभी होती आणि गालातल्या गालात हसत होती. खरं सांगतो, लेकीचा इतका अभिमान वाटला, की मी दारातूनच सगळ्यांच्या वर आवाज काढून 'आमेन' म्हणालो.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"अरे, भावोजी! या ना आत," यायर जरा सरकून जागा करत म्हणाला. "एक माणूस जास्त झाला म्हणून काय बिघडतंय?"