संपदाच्या डिग्रीचा कौल

सिद्धेशचं लग्न जमत नव्हतं, तेव्हा गावच्या देवीला मी नवस बोलले होते, "शिकलेली सून दे. तिला पुढे शिकावंसं वाटलं तर मी आडवी येणार नाही." (साडीचोळीचा नवस एकदा फेडला की माणूस मोकळं होतं. हा आयुष्यभराचा आहे, हे बोलताना लक्षात आलं नाही.) देवीने संपदा दिली. इथे वसईतल्याच एका हॉस्पिटलात नर्स. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि परवा पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "आई, मी नर्सिंगची ऑनलाइन डिग्री करू? डिप्लोमावर मी आहे तिथेच राहते. माझ्या मागून आलेल्या मुली इन्चार्ज झाल्या."

मी लगेच "कर" म्हणाले. पण आमचे हे समोर जेवायला बसले होते.

हे विमा कंपनीतून निवृत्त झालेत, हिशोबातून नाही. मिक्सर घ्यायच्या आधी ह्यांनी काढलं होतं, किती चटण्या वाटल्या की तो वसूल होईल. (अजून झालेला नाही. म्हणून आमच्याकडे रोज चटणी असते.)

"फी किती?"

"दोन लाख चाळीस हजार, बाबा."

"पगार किती वाढेल?"

"महिन्याला चार हजार तरी."

"म्हणजे पाच वर्षांनी पहिला रुपया हातात."

"त्यानंतर तर फायदाच ना?"

"त्यानंतर महागाई."

संपदाने पुढची पोळी लाटली ती नकाशासारखी झाली.

माझ्या छातीत धडधड सुरू झाली. ह्यांचं खरं निघालं तर पोरीची पाच वर्षांची कमाई पाण्यात. तिला थांबवलं तर माझा नवस मोडला. सिद्धेशला विचारलं, तर तो म्हणाला, "तुमचं सगळ्यांचंच बरोबर आहे," आणि बूट घालून ऑफिसला गेला. त्यात संस्थेवाल्यांचा फोन आला, शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत पैसे भरले तरच सवलत.

मग मी ठरवलं, देवीलाच कौल लावायचा. गावी जाऊन यायला वेळ नव्हता, म्हणून शुक्रवारी दुपारी धनेश गुरवाला व्हिडिओ कॉल केला. त्याने देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी डोक्यावर पदर घेऊन सगळं साग्रसंगीत विचारलं आणि हात जोडले.

पाकळी काही पडेना.

धनेश तर पापणीही हलवत नव्हता. एवढी एकाग्रता आमच्या सोसायटीच्या पूजेला येणाऱ्या गुरुजींचीसुद्धा मी पाहिलेली नाही.

"काय म्हणतेय देवी?" ह्यांनी विचारलं.

"विचार करतेय."

"इतका वेळ?"

"तुमचा हिशोब चार दिवस चाललाय. तिने थोडा घेतला तर काय बिघडलं?"

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. हे बाल्कनीत जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलले आणि पेपर उघडून बसले. इकडे पाच वाजत आले. संपदा मोबाइल हातात धरून, पैसे भरायचं पान उघडून बसलेली.

"आई, भरू का?"

"कौल होऊ दे गं."

बिचारी बसून बसून कंटाळली आणि तिने रोझीला फोन लावला. रोझी तिच्याच वॉर्डातली, इथल्याच पाचूबंदरची. तिने ही डिग्री आधीच केली होती. फोन झाल्यावर संपदा माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, रोझी म्हणते, सर्टिफिकेट फार सुंदर आहे, भिंतीला लावलंय. पण नर्सिंग काउन्सिल ते मानत नाही. पगार एक रुपयाने वाढला नाही." मग माझ्या हातातल्या फोनकडे बघून म्हणाली, "आणि आई, हे चित्र केव्हाचं अडकलंय. नेटवर्क नाहीये."

मी फोनलाच नमस्कार केला. ह्यांना ऐकवलं, "बघितलंत? देवीने मुद्दाम थांबवून धरलं."

रोझीने आता दुसऱ्या, काउन्सिल मानते अशा कोर्सला नाव घातलं होतं. फी निम्मी, पण दर शनिवार-रविवार प्रत्यक्ष जायचं. "मग उन्नतीला कोण बघणार?" संपदाने विचारलं. उन्नती म्हणजे माझी नात, चार वर्षांची, एका जागी चार मिनिटं बसत नाही.

"मी आहे की," मी म्हणाले. ह्यांनी मान वर केली. "अडीच वर्षांत वसूल," म्हणाले. संपदा कितीतरी दिवसांनी हसली.

सात वाजता धनेशचा फोन आला. "काकी, कौल कधीच झालो. उजवो दिल्यान देवीन."

त्या भिंतीवरच्या सर्टिफिकेटला देवी 'हो' म्हणाली?

"तुमचो आवाज तुटत होतो," धनेश म्हणाला. "काय विचारूचा ता कळाक नाय. म्हणान काकांका फोन केलंय. ते म्हणाले, विचार, हिने आता नवस बोलणं बंद करावं का?"

बाल्कनीतला पेपर जरा जास्तच वर गेला.

आता देवीची आज्ञा मोडायची नाही, म्हणून मी नवस बंद केलेत. पण संपदाची परीक्षा तर पुढेच आहे आणि माझी धडधड काही थांबत नाही. तेव्हा तुमची ज्या देवावर श्रद्धा असेल, त्याला माझ्या सुनेसाठी तुम्ही एक नवस बोला. माझ्यासारखाच, "शिकणारीच्या आडवी येणार नाही" असा. नारळाचे पैसे मी देईन, फक्त आमच्या ह्यांना सांगू नका.