हौसाआत्या आणि दोन जिवांच्या बायका

आमच्या आळीत कुणी बाई गरोदर राहिली की हौसाआत्या तिच्या पुढं उलट्या चालायला लागतात. तोंड तिच्याकडं, पाठ रस्त्याकडं. तिचं पाऊल कुठं पडतंय ते बघायचं असतं म्हणून. "दगूड हाय, डाव्या अंगानं ये. शेण हाय, थांब. हां, ये आता," असं म्हणत त्या स्वतः मागं मागं सरकत जातात. माझ्या वेळी अशाच सरकत सरकत त्या गटारात जाऊन बसल्या. मी हात द्यायला गेले तर गटारातूनच दम भरला, की वाकायचं न्हाई. शेवटी दुकानदारानं त्यांना वर काढलं. लुगडं पिळत त्या मला म्हणाल्या, "बघितलंस? हितं तू असतीस म्हंजी?"

आमचं गाव वेल्ह्याच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला आहे. आत्यांचं माहेर आणि सासर एकाच गावातलं. त्यामुळं अर्ध्या गावाच्या त्या आत्या आणि अर्ध्या गावाच्या काकू व्हायला हव्या होत्या, पण सगळेच त्यांना आत्या म्हणतात. त्यांचं घर आमच्या घराला लागून आहे, मधे एक कमरेएवढी भिंत. त्यांच्या घरात भांडं पडलं तरी आमच्याकडं कळतं.

आशाताई घरोघर येऊन गरोदर बायकांना जे सांगतात ते आत्या कान देऊन ऐकतात. पण नवं घेताना त्यांनी जुनं काही टाकलं नाही. त्यामुळं आम्हाला दोन्ही पाळावं लागतं. आशाताईंनी सांगितलं, रोज चालायचं. जुन्या बायका सांगायच्या, दमायचं नाही. मग आत्यांनी मला चालवलं, पण वाटेतल्या प्रत्येक ओट्यावर बसवून. विहिरीपर्यंत जाऊन यायला दुपार व्हायची. आशाताई म्हणाल्या, लोहाच्या गोळीवर लगेच चहा घेऊ नका. आत्यांनी गोळीची वेळ लक्षात ठेवायच्या भानगडीत न पडता आळीतल्या सगळ्या घरांत सांगून ठेवलं, की शोभीला चहा द्यायचा न्हाई. बाळंत होईपर्यंत मला कुणी कपभर चहा विचारला नाही. ग्रहणाच्या दिवशी आशाताईंनी समजावलं, की ग्रहणानं बाळाला काही होत नाही. आत्या म्हणाल्या, "तुमाला म्हाईत हाय. पण चंद्राला म्हाईत हाय का?" आणि मला घरात बसवून दाराला बाहेरून कडी घातली.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी भोंगवलीला निघाले तेव्हा आत्या पोचवायला एसटीत बसल्या. बसल्या म्हणजे ड्रायव्हरच्या मागं दांडी धरून उभ्या राहिल्या. गाडीत दोन जिवांची हाय, सावकाश घ्या, ह्यो खड्डा उजव्या अंगानं घ्या, असं नसरापूरपर्यंत चाललं होतं. ड्रायव्हर बिचारा सज्जन होता. शेवटी एवढंच म्हणाला, की मावशी, ती दोन जिवांची बाई कोण ते तरी दाखवा. सगळी गाडी माझ्याकडं वळून बघायला लागली. मी पदर ओढून घेतला तो भोंगवली येईपर्यंत खाली केला नाही.

पण आत्यांमुळं नुसता वैतागच झाला असं नाही. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी करतात. धाकटीच्या वेळी मी इथंच होते. बघायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, अंगावर दूध आहे का, पुरतं का, बाळ का रडतंय. ऐकून ऐकून मलाच रडू यायला लागलं. तेव्हा आत्या उठल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "तिला रडू द्या. पोरीला वढू द्या. तुमी घरी जाऊन भाकरी थापा." सगळ्या गेल्या. मग आत्या दाराकडं पाठ करून बसून राहिल्या, धाकटी पोटभर पिऊन झोपेपर्यंत. आमचे मालक टेम्पो घेऊन आले, त्यांना पण आत सोडलं नाही. डिझेलचा वास येतो म्हणाल्या. ते अंगणात उभं राहून आपल्याच लेकीची चौकशी करत होते.

अशा ह्या आत्या एकाच बाईपुढं गप्प असायच्या. ती म्हणजे त्यांची स्वतःची सून, रूपाली.

आत्यांचा मुलगा सुनील पुण्याला कंपनीत आहे. रूपाली शिवऱ्याची, तीही पुण्यात नोकरी करते. आमच्या ओट्याच्या एका कोपऱ्यातच मोबाईलला रेंज येते, म्हणून आत्या तिथं येऊन सुनेशी बोलतात. स्पीकर बंद कसा करायचा ते त्यांना येत नाही, त्यामुळं मला दोन्ही बाजू ऐकू येतात. रूपालीला दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हाची गोष्ट. ती म्हणाली, "आई, पाय फार सुजतात. काय करू?" मी आत तांदूळ निवडत होते. मला वाटलं, आता निदान जेवणाच्या वेळेपर्यंत तरी फोन खाली येत नाही.

आत्या म्हणाल्या, "डाक्टरला इचार की. तुला बरं वाटंल तसं कर." आणि फोन ठेवला.

मी हातातलं सूप ठेवून बाहेर आले. न राहवून विचारलं, की आत्या, असं काय? त्या बराच वेळ मोबाईल पदरानं पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमाला कितीबी बोलले तरी तुमी जाता कुठं? सकाळी उठून माज्याच दारावरनं पाण्याला जाता. ती लांब ऱ्हाती. एक शबूद जास्त गेला की फोन कमी हुतो."

तसं एकदा झालेलं होतं. रूपालीचं पहिलं बाळंतपण शिवऱ्याला झालं तेव्हा आत्या तिथं गेल्या होत्या. ऐन उन्हाळ्यात त्यांनी पंखा बंद केला, बाळाला एकावर एक कुंच्या घातल्या, आणि बाळाचं अंग घामोळ्यांनी भरलं. डॉक्टरबाई बोलल्या तर त्यांनाही चार गोष्टी सुनावल्या. मग विहीणबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, की तुम्ही दमला असाल. आणि त्यांना एसटीत बसवून दिलं. त्यानंतर बरेच दिवस आत्या आमच्या ओट्यावर मोबाईल हातात घेऊन बसायच्या आणि तसाच घेऊन उठायच्या.

आता दुसरं बाळंतपण, म्हणजे सासरचा मान. पण रूपाली गावाला येईल का, ते आत्यांनी एकदाही विचारलं नाही. नुसती जुनी मऊ लुगडी धुऊन, फाडून, घड्या करून ठेवली. डिंक आणला, अळीव आणले, आणि कुणी विचारलं तर स्वतःच्या कंबरेसाठी आणलेत म्हणाल्या.

रूपाली आली. तिनं आपल्या मनानंच ठरवलं होतं. भोरच्या दवाखान्यात नाव घातलं, रजा घेतली आणि थोरल्याला घेऊन आली. आत्यांनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्यानंतर ओठ शिवल्यासारख्या गप्प झाल्या. रूपाली रात्री उशिरापर्यंत उगाच जागी राहिली, उभ्याउभ्या जेवली, शिडी चढून माळ्यावर गेली, तरी आत्यांच्या तोंडून शब्द नाही.

ते सगळे शब्द आमच्याकडं यायचे. दुपारी आत्या भिंतीला वळसा घालून यायच्या आणि मला म्हणायच्या, "शोभे, शिडी चढायची न्हाई. ध्यानात ठिव." मी म्हणायची, बरं. "फ्रिजातलं पाणी पिऊ नगं." आमच्याकडं फ्रिज नाही. तरी मी म्हणायची, बरं. मालकांनी हे दोनतीनदा ऐकलं आणि घाबरून मला हळूच विचारलं, की काही खबर आहे का?

एक दिवस रूपाली माझ्याकडं आली. इकडचं तिकडचं बोलली. मग तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "वहिनी, आई माझ्यावर अजून रागावल्यात का? हितली प्रत्येक बाई सांगते, आत्यांनी मला हे करू दिलं नाही, ते खाऊ दिलं नाही. मलाच एकटीला काही म्हणत नाहीत. मी परकी असल्यासारखं वाटतं."

मला चारचौघींत बोलता येत नाही, आणि एकीशीही फारसं जमत नाही. पण त्या दिवशी मी बोलले. म्हटलं, "त्या तुमच्या वाटणीचं मला बोलतात. तुम्ही लांब जाल म्हणून भितात." ती उठली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी करत होते. भिंतीपलीकडून रूपालीचा आवाज आला, जरा मुद्दाम मोठ्यानं काढलेला.

"आई, ओल्या केसांनी अशीच अंगणात बसू का?"

मग आत्या म्हणाल्या, "बस की."

नंतर अगदी बारीक आवाजात, जणू दुसऱ्याच कुणीतरी विचारावं तसं, "पंचा देऊ का?"

"द्या."

"केसांला गुंडाळ."

"गुंडाळला."

"तितं वारं लागतंय. आत सरक."

"सरकले, आई. आणि?"

त्या 'आणि'नंतर आत्या सुरू झाल्या. माझी तव्यावरची भाकरी करपली तेव्हा त्या कानात घालायच्या कापसापर्यंत आल्या होत्या, आणि रूपालीचं "हां आई, हां आई" चालूच होतं.