सुभेदारांचं जांभूळ

घराचा विमा विकायला उंबरा झिजवणारे, आणि घरावर झाड पडल्यावर पहिल्या तोंडाला ‘झाड कुणाचं?’ विचारणारे जे कोणी साहेब आहेत, त्यांनी रहिमतपुरातल्या एका सरळ माणसाला चोर केलं. हा आरोप आहे, आणि तो त्यांच्या तोंडावर करायची तयारी आहे.

सरळ माणूस म्हणजे माजी सुभेदार लालासाहेब. हयात पलटणीत गेली. आता परसात एक जांभूळ आणि त्याच्यावर पहारा. छावणीत झाडांना मारतात तसा गेरू-चुन्याचा पट्टा ते दर स्वातंत्र्यदिनाला बुंध्यावर मारत. चुन्यावर तेलरंगात लिहीत, ‘माजी सुभेदार लालासाहेब यांचे जांभूळ. परवानगीशिवाय हात लावू नये.’ हा मजकूर खास शेजारच्या आप्पासोंसाठी होता. फांद्या आप्पासोंच्या अंगणावर, डाग त्यांच्या वाळत घातलेल्या सदऱ्यांवर, आणि मालकी सुभेदारांची. एक दिवस हे झाड पाडणार, असं आप्पासो आळीभर सांगत फिरायचे.

मे महिन्यातल्या वळवानं त्यांचं ऐकलं. जांभूळ बुंध्यात मोडलं. खोड आप्पासोंच्या नव्या पडवीवर, शेंडा पलीकडच्या चंद्राबाईंच्या स्वयंपाकघराच्या कौलांवर. सुभेदारांच्या घराचा टवकाही उडाला नाही, आणि हेच आळीला खुपलं.

आप्पासो मात्र खुशीत होते. पडवीसाठी कर्ज काढताना बँकेनं विमा गळ्यात मारला होता, तो आता उपयोगाला येणार होता. त्यांनी कंपनीला फोन लावला. कानानं कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर लावला. पलीकडून पहिलाच सवाल आला, “झाड कुणाचं होतं?”

सगळी आळी सुभेदारांकडे बघायला लागली. ज्याचं झाड त्याची भरपाई, असं एकानं ठरवलं. दुसऱ्यानं पेन्शनीवर जप्ती आणली. तिसऱ्यानं तर सुभेदारांना सातारच्या कोर्टात उभंही केलं. आणि पुरावा? पुरावा बुंध्यावर तेलरंगात, ठळक अक्षरात.

दुसऱ्या दिवशी आप्पासो कंपनीच्या सर्वेअरला आणायला एसटी स्टँडवर गेले. सुभेदारांनी तेवढ्यात लाकूड तासायचा वाकस काढला. आधी नाव तासलं. मग गेरू राहिला म्हणून तो तासला. पलटणीची सवय, काम अर्धवट ठेवायचं नाही. मोडक्या तोंडाच्या चिरफळ्यासुद्धा छाटून साफ केल्या. बायको हरणाबाई दारात उभी होती.

“आवं, सीमेवर कवा पाठ दावली न्हाई तुमी, आन् आता जांभळाला भ्यालासा?”

“तू ढलप्या उचल. बंबात घाल,” सुभेदार म्हणाले.

सर्वेअर जयराज, वयानं कोवळा, झाडाभोवती फिरला. तासलेल्या जागेवर बोट फिरवलं आणि आप्पासोंकडे वळला.

“झाड कुणाचं याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. घर तुमचं, विमा तुमचा. वाऱ्यानं पडलं असेल तर भरपाई मिळते. पण हे पडलेलं नाही, पाडलंय. घाव ताजे आहेत.”

“मग फोनवर कशाला इचारलंसा, झाड कुणाचं म्हून?” चंद्राबाईंनी विचारलं.

“ती विचारायची पद्धत आहे.”

आप्पासोंचा चेहरा उतरला. झाड पाडणार म्हणून तेच बोंबलत होते, हे आळीला पाठ होतं. एकदोघांनी ते जयराजच्या कानावरही घातलं. भरपाई राहिली बाजूला, आप्पासो खोटे ठरायला लागले. ते पडवीच्या चेपलेल्या पत्र्यावर जाऊन बसले.

सुभेदारांना ते बघवेना. ते टाचा जुळवून पुढं आले.

“सायेब, वाकस माझा, हात माझा. नाव खोडायला तासलं. आप्पासोचा काय संबंध न्हाई.”

“कशावरून?”

सुभेदारांनी हरणाबाईकडे बघितलं. तिनं बंबाकडे बघितलं. निम्म्या ढलप्यांवर सकाळची आंघोळ झाली होती. उरलेल्या तिनं पदरात आणून अंगणात ओतल्या. आळी उकिडवी बसली, ढलप्या जुळवायला लागली. आप्पासोच पुढं, कारण मजकूर त्यांना तोंडपाठ. ‘लालासाहेब’ बंबात गेला होता. ‘परवानगीशिवाय हात लावू नये’ तेवढं जुळलं. मग जयराजनं बुंध्याखाली वाकून बघितलं. जमिनीकडच्या बाजूला वाकस पोचला नव्हता. तिथं लाकूड वाऱ्यानं पिळवटून फाटलेलं होतं. तो हसू दाबत म्हणाला, “मंजूर करायला सांगतो.”

“सुभेदार, लय येडा मानूस हायसा तुमी,” आप्पासो म्हणाले, आणि चहा टाकायला घरात ओरडले.

चंद्राबाईंचा विमाच नव्हता. जांभळाचं लाकूड पाण्याला दाद देत नाही. सुभेदारांनी त्याचेच वासे काढून त्यांचं छप्पर घातलं. आप्पासो खालून कौलं देत होते, आणि कौल वाकडं बसलं की वर बघून शिव्याही.

कामात असतानाच सुभेदारांचा फोन वाजला. कंपनीच्या हेड ऑफिसातला साहेब होता. झाडाचे मालक तुम्हीच ना, तर ते पडू नये म्हणून आपण काय खबरदारी घेतली होती?

सुभेदारांनी फोन स्पीकरवर टाकला.

“पाटी लिवली हुती, सायेब. परवानगीशिवाय हात लावू नये. आमच्या आप्पासोनं पाळली. वाऱ्यानं न्हाई पाळली. आता वाऱ्यावर कारवाई तुमी करनार, का आमी? थांबतो मी फोनवर. बोला.”