बादली भरते की नाही

"झोपलास तर लग्न विसर," तिनं दारातच बजावलं. "मागचं स्थळ मध्यंतरात चप्पल घालून पळालं."

"म्हणजे मध्यंतर आहे ना?"

"होतं. त्यानंतर बाबांनी काढून टाकलं."

फ्रिज दुरुस्त करणारा तो बिचारा चपला काढून आत आला. रविवारची दुपार, तुडुंब जेवण, आणि समोर होणाऱ्या सासऱ्यांनी तीस वर्षांपूर्वी काढलेला एकुलता एक चित्रपट, 'निर्जलाचा आकांत'. चित्रकलेच्या या निवृत्त मास्तरांचा सिनेमा एका थिएटरात एकदाच लागला होता. जग तो केव्हाच विसरलं. मास्तर विसरले नाहीत. मुलीला मागणी घालायची तर आधी सिनेमा बघायचा, मग तोंड उघडायचं, असा घरचा कायदा होता.

पडदे ओढले गेले. सासूबाई "भांडी पडलीत" म्हणत आत सटकल्या. मास्तरांनी डिस्क प्लेअरमध्ये सरकवली.

पहिली वीस मिनिटं एक पाठमोरा माणूस बोळातून चालत होता. मग तो बसला. मग एक नळ आला, नळाखाली रिकामी बादली, आणि नळाच्या तोंडाशी लोंबणारा पाण्याचा एक थेंब.

"आता लक्ष दे," मास्तर कुजबुजले.

त्यानं दिलं. थेंब पडेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. त्याच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या. पापण्या मिटू लागल्या की मागून तिची टाचणी टोचायची. बादलीच्या कडीवरचे गंजाचे ठिपके त्यानं दोनदा मोजले, सतरा भरले. मास्तर मात्र ध्यान लावल्यासारखे निश्चल.

पण गळती हा त्याच्या रोजच्या कामाचा विषय होता. एवढा टपोरा थेंब इतका वेळ लोंबत राहूच शकत नाही! त्यानं कान टवकारले. प्लेअरची घरघर थांबली होती.

आता आली पंचाईत. सांगावं आणि सिनेमाच तसा असला, तर लग्न मोडलं. न सांगावं, तर याच थेंबासमोर म्हातारपण येणार. शेवटी कारागिराला राहवेना.

"काका, अडकलंय हे."

मास्तर गर्रकन वळले. "काय म्हणालास?"

"अडकलंय. पुढं सरकतच नाही."

"अगदी बरोबर! माणूस अडकलाय!"

"माणूस नाही हो, मशीन."

"मशीन! माणसाचं मशीन झालंय!" मास्तरांचे डोळे पाणावले. "तीस वर्षांत कुणाच्या डोक्यात शिरलं नाही रे हे! मुलगी तुझी!"

तेवढ्यात सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. "अहो, केव्हाचा बंद पडलाय तो. थेंब कधीच पडायला हवा होता."

मास्तरांचा चेहरा इतका उतरला, की त्याला भडभडून आलं. त्यानं खिशातला पेचकस काढला, प्लेअर उघडला, भिंग पुसलं आणि सिनेमा पुन्हा तिथूनच लावला. थेंब टपकन बादलीत पडला.

"राहू दे आता," मास्तर पुटपुटले. "दिलेला शब्द मी मागं घेत नाही. बंद कर."

"असं कसं, काका? एवढा वेळ बसलो. बादली भरते की नाही, ते तरी सांगा."

मास्तरांनी चष्मा काढून उगाचच पुसला. "खरं सांगू? नळ आला की मला झोप लागते. आत्ताही तूच उठवलंस."

"नाही भरत," सासूबाई म्हणाल्या. "बूड फुटकंय तिचं. मी चारदा बघितलाय."