नाकातलं शिसं

रॉकेटच्या नाकात अर्धा पौंड शिसं ओतायचं व्हर्लिन श्रागने ठरवलं, तेव्हा आपण आयुष्यात पहिल्यांदाच दूरदृष्टी दाखवतो आहोत असं त्याला वाटलं होतं.

शिसं ओतायला कारण होतं. एप्रिलमधल्या उड्डाणात त्याचं रॉकेट आकाशाकडे जायच्या ऐवजी त्याच्या मेहुण्याच्या खुर्चीकडे गेलं होतं. मेहुणा, म्हणजे ड्वाइट पॅन्क्रॅट्झ, खुर्चीतच होता. (रॉकेटने एवढं एकच लक्ष्य बरोबर निवडलं होतं, असं व्हर्लिनचं खाजगी मत.) ड्वाइट हा रॉकेट क्लबचा सुरक्षा अधिकारी. कॅन्ससमध्ये देवानंतर वारा आणि वाऱ्यानंतर ड्वाइट. कपड्यांवरची माती झटकत तो म्हणाला, "दाजी, शेपटी जड आणि नाक हलकं असलं की रॉकेटचं असंच होतं. काही माणसांचं उलटं असतं, पण ते जाऊ दे."

दुसऱ्या पायरीच्या परवान्यासाठी व्हर्लिनचा तो दुसरा प्रयत्न होता. या परवान्याची रीत सोपी आहे. एक लेखी परीक्षा द्यायची, मग 'जे', 'के' किंवा 'एल' अक्षराची मोटर लावून रॉकेट उडवायचं आणि ते धडधाकट परत आणून टेबलावर ठेवायचं. मोटरी अक्षरांनी ओळखतात, आणि प्रत्येक अक्षर आधीच्याच्या दुप्पट ताकदीचं. जे असेल तर के दुप्पट, के असेल तर एल दुप्पट. असला हिशेब कागदावर गोड दिसतो. ज्याने हा नियम काढला त्याच्या घरी बायको नसावी.

व्हर्लिनच्या घरी होती. तिचं नाव ट्वायला. शिवाय पहिल्या पायरीचा परवाना तिच्याकडेही होता, आणि हे शल्य व्हर्लिनला सहा वर्षं टोचत होतं. उड्डाणाच्या दिवशी त्याला ताप आला होता आणि नाव नोंदवलेलं होतं. फुकट जायला नको म्हणून ती त्याचं रॉकेट घेऊन गेली, उडवून आणलं आणि जेवणाच्या आत परतली. व्हर्लिन त्याला 'तो तुक्का' म्हणत असे.

जूनमध्ये गारा पडल्या. लिंबाएवढ्या. गॅरेजमध्ये कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नऊ फुटी रॉकेट तिरपं झोपलेलं, म्हणून ट्वायलाची निळी गाडी अंगणात. ती चार गोधड्या घेऊन धावली. गोधड्या भिजल्या, ट्वायला भिजली, आणि गाडीचा टप इडलीच्या साच्यासारखा झाला. विमा कंपनीचा माणूस आला, टपावरून हात फिरवून म्हणाला, "बाई, गारा देवाने पाडल्या. पण गाडी बाहेर कोणी ठेवली?"

ट्वायलाने व्हर्लिनकडे पाहिलं. त्या माणसाने कागदावर काहीतरी लिहिलं.

त्या दिवशी ती ओरडली असती तर परवडलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "ऑक्टोबरच्या उड्डाणात परवाना आणलास, तर गॅरेज तुझं. मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही आणलास, तर गॅरेज माझं. झाडून, पुसून."

"ठीक आहे," व्हर्लिन म्हणाला. एकवीस वर्षं तो जिल्हा कचेरीत गाड्यांच्या नंबरपट्ट्या वाटत होता. दिवसभर लोक त्याच्यावर चिडायचे आणि त्याला चिडायची परवानगी नसायची. गॅरेज हीच त्याची चिडायची जागा होती. ते गेलं असतं तर त्याने कुठे चिडायचं?

म्हणून ते अर्धा पौंड शिसं. ट्वायलाच्या मासेमारीच्या पेटीतली शिशाची वजनं त्याने काढली, नाकात टाकली आणि वरून चिकटद्रव ओतला. (पेटी रिकामी आहे हे तिला पुढच्याच शनिवारी तळ्यावर कळलं. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही ती बोलली नाही.)

रविवारी ड्वाइट जेवायला आला. झणझणीत चिली (खिमा-राजम्याचा रस्सा) आणि दालचिनीचे रोल पोटात गेल्यावर तो गॅरेजात शिरला आणि रॉकेट उचलून न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर उभा राहिला. मग रॉकेटशिवाय उभा राहिला.

"साडेबारा पौंड. मोटर कुठली?"

"जे. छोटी. साठ पौंडांचा जोर."

"नियम काय, दाजी? जोर वजनाच्या पाचपट. साठ भागिले पाच?"

"बारा."

"मग वरचा अर्धा पौंड कोणाच्या डोक्यावर ठेवायचा?"

"अरे, अर्धाच तर आहे."

"खुर्चीत मी बसलेलो असतो," ड्वाइट म्हणाला आणि उरलेला रोल घेऊन घरी गेला.

व्हर्लिन संतापला. शिसं तासून काढणं हा एक उपाय होता. पण ड्वाइटच्या सांगण्यावरून शिसं काढणं म्हणजे शरणागती. त्याने के लावायचं ठरवलं.

के मोटर दुप्पट ताकदीची, तशी लांब आणि जड. मोटर बसते शेपटीत. शेपटी जड झाली, म्हणजे नाक पुन्हा हलकं. कॉम्प्युटरवर दोन ठिपके दिसत: एक वजनाचा, एक वाऱ्याचा. वजनाचा ठिपका वाऱ्याच्या ठिपक्यापुढे, नाकाकडे हवा. के लावताच तो मागे घसरला. व्हर्लिनने नाकात तीन पौंड शिसं ओतलं. ठिपका पुढे आला, पण वजन पाचपटीच्या बाहेर गेलं. त्याने मोठी के पाहिली. ती आणखी जड. ठिपका मागे. शिसं. वजन. ऑगस्ट संपेपर्यंत त्याने रॉकेटची मागची नळी करवतीने कापून रुंद नळी बसवली, कारण आता एलशिवाय गत्यंतर नव्हतं. कापलेली जुनी नळी आणि पंखांचा जादा संच त्याने कचऱ्याच्या डब्याशेजारी फेकला. दुसऱ्या दिवशी तिथे काहीच नव्हतं. कचरेवाले तत्पर आहेत, असं त्याला वाटलं.

ट्वायला एकदा दारात आली. तिने कोपऱ्यातला झाडू आडवा करून एका बोटावर तोलला.

"याला एकीकडे वजन लावलं की दुसरीकडे लावायचं, मग पुन्हा पहिल्या बाजूला. असंच चाललंय ना तुझं?"

"तुला त्यातलं शास्त्र कळणार नाही."

"नसेल कळत. पॅराशूट कुठलं आहे?"

"तेच. तूच तर शिवलंयस."

"मी बारा पौंडांचं शिवलं होतं."

व्हर्लिनचा पारा चढला. तीन महिने तो वर कसं जायचं याच्याशी झुंजत होता आणि या बाईला खाली यायची घाई. "पॅराशूटला काय कळतंय वजन?" असं तो बोलून गेला. बोलल्यावर त्यालाही ते थोडं कमी शास्त्रीय वाटलं, पण तोवर ट्वायला निघून गेली होती आणि शिवणखोलीचं दार लागलं होतं. हल्ली ते बरेचदा लागलेलं असे. नाताळचे पडदे असतील, असं त्याने धरलं.

रात्रीच्या जेवणानंतर मात्र ती लेखी परीक्षेचे प्रश्न विचारायला बसे. व्हर्लिन प्रत्येक प्रश्नाशी भांडे. ट्वायला पुस्तक बघून बरोबर उत्तर वाचे. सप्टेंबरमध्ये ती पुस्तक न बघता सांगू लागली. हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. ज्वारीची कापणी झालेली, मैलोन्मैल धसकटं. क्लबची माणसं घडीच्या खुर्च्या मांडून बसलेली, मोटरविक्याचा ट्रेलर एका कडेला, ड्वाइटच्या हातात कर्णा. व्हर्लिन लेखी परीक्षा काठावर पास झाला. मग त्याने आणि आणखी दोघांनी मिळून रॉकेट उचललं. अडतीस पौंड.

ड्वाइटने तपासणीच्या टेबलावर ते फिरवून पाहिलं. जोर पाचपटीच्या वर होता. ठिपका जागेवर होता. आक्षेप घ्यायला त्याला काहीच सापडलं नाही, आणि व्हर्लिनला चार महिन्यांत पहिल्यांदा मनापासून बरं वाटलं.

"दाजी, याच्या नाकात आहे तरी काय?"

"अक्कल," व्हर्लिन म्हणाला.

कर्ण्यावर घोषणा झाली. पाच, चार, तीन. एल पेटली तेव्हा जमीन थरथरली आणि खुर्च्यांवरची माणसं उठून उभी राहिली. रॉकेट सरळ गेलं. खांबासारखं सरळ. इतकं सरळ त्या शेतावरून आजवर ड्वाइटचंही गेलं नव्हतं. व्हर्लिनने बायकोकडे पाहिलं. ती रॉकेटकडे पाहत नव्हती. ती पॅराशूटची वाट पाहत होती.

पॅराशूट उघडलं. बरोबर वेळी, बरोबर जागी, छान लाल. अडतीस पौंडांखाली ते एखाद्या हातरुमालासारखं दिसत होतं. रॉकेट उतरलं नाही, आलं. नाक धसकटांत कोपरभर रुतलं आणि मागून आलेली शेपटी त्यावर आपटली. तीनपैकी दोन पंख तुटले. पोटातली उंची मोजणारी डबी मात्र शाबूत होती आणि इमानदारीने टिटवीसारखी वाजत होती.

"एकोणीसशे ऐंशी फूट," ड्वाइटने कर्ण्यावरून सांगितलं. मग कर्णा खाली घेऊन तो हळूच म्हणाला, "दाजी, सुरुवातीच्या त्या जे मोटरवर, शिशाशिवाय, कॉम्प्युटर किती सांगत होता?"

 कॉम्प्युटर चोवीसशे सांगत होता.

व्हर्लिन फावडं घेऊन नाक खणायला बसला. मनातल्या मनात तो ड्वाइटला, पाचपटीच्या नियमाला, अक्षरांना, ज्वारीला आणि गारांना शिव्या देत होता. जमीन दगडासारखी होती आणि शिसं त्याहून जड. अर्ध्या तासाने कर्णा पुन्हा वाजला.

"चौथा रूळ. मोटर जे, छोटी. दुसऱ्या पायरीचा प्रयत्न. रॉकेटचं नाव 'कचरा'. उडवणार ट्वायला श्राग."

व्हर्लिन फावड्यासकट उभा राहिला. उड्डाणाच्या उभ्या रुळावर एक आखूड, हलकं रॉकेट होतं. खालची नळी त्याच्या ओळखीची होती. पंखही. त्याच्या पोटात शिवणखोलीतल्या पडद्याच्या कापडाचं पॅराशूट गुंडाळलेलं असणार हे त्याला न बघता कळलं. ते सुळकन गेलं, वर जाऊन टिंब झालं, आणि मग निळं छत्र उघडून इतक्या सावकाश खाली आलं की चालत जाऊन ट्वायलाने ते जवळजवळ झेललं. तेवीसशे नव्वद फूट. दोघा जुन्या सभासदांनी टेबलावर रॉकेट उलटसुलट करून पाहिलं आणि कार्डावर सह्या केल्या. टाळ्या झाल्या. लेखी परीक्षा तिने सकाळीच, तो रॉकेट जुळवत असताना दिली होती. एकही चूक नव्हती.

मग दोघं गाडीत बसून घरी निघाली.

"हे तू मला सांगितलं का नाहीस?" व्हर्लिनने विचारलं.

"सांगितलं होतं. पॅराशूटचं सांगितलं, झाडूचं सांगितलं. त्यातलं शास्त्र मला कळत नाही, असं तू म्हणालास."

"मी चिडलो होतो."

"मीही चिडलेच होते," ट्वायला म्हणाली. "जूनपासून. फक्त मी हाताने काहीतरी करत होते."

सोमवारपर्यंत गॅरेज झाडून, पुसून रिकामं झालं. सव्वीस पौंडांचं ते नाक दार वाऱ्याने आपटू नये म्हणून उंबऱ्याशी ठेवलं गेलं. त्या कामाला ते उत्तम निघालं. निळी गाडी हिवाळाभर आत राहिली. मार्चमध्ये ट्वायलाने ती विकून टाकली, कारण तिसऱ्या पायरीच्या रॉकेटला अकरा फूट जागा लागते, आणि म्हणाली, "तुझी गाडी आहेच की. पत्राही जाड आहे."

मेमध्ये गारा पडल्या. अंड्याएवढ्या. व्हर्लिन चार गोधड्या घेऊन धावला, तेव्हा खिडकीतून आवाज आला, "त्या नको, त्या चांगल्या आहेत."

विमा कंपनीचा तोच माणूस आला. त्याने टप पाहिला, गॅरेजचं बंद दार पाहिलं, जुना कागद काढला.

"आत काय आहे?"

"रॉकेट," व्हर्लिन म्हणाला.

"मागच्या वर्षीही रॉकेटच होतं."

"ते माझं होतं."

"मग यात फरक काय?" त्याने लेखणी उघडली. "कागदावर काहीतरी लिहावं लागेल."

व्हर्लिनने टपावरचे खड्डे पाहिले. आतून करवतीचा आवाज येत होता आणि ट्वायला काहीतरी गुणगुणत होती.

"लिहा," तो म्हणाला, "हे उडून धड खाली येतं."