पडद्यावरच्या बाईची उठवणी

डोमाजी पडद्यापुढे दोन्ही हात पसरून उभा होता आणि सिनेमातल्या बाईचं सरण त्याच्या सदऱ्यावर जळत होतं. मागून कोणीतरी मातीचं ढेकूळ फेकलं, ते त्याच्या कानशिलाला लागून फुटलं. तो हलला नाही.

"ही बाई उठल्याबिगर कोनी घरी जायाचं नाई," तो म्हणाला.

बाहेर दुसऱ्या खेळाची माणसं तंबूच्या कापडाला रेटा देत होती. आतली माणसं ओरडत होती. तंबूवाल्या शेठने धट्टीकट्टी चार माणसं बोलावली होती आणि ती बाह्या वर सारत पडद्याकडे निघाली होती. मी बायकांच्या बाजूला बसून बघत होते. मला वाटलं, आज हा मार खाऊन मरतो.

डोमाजी माझा शेजारी. त्याच्या घराची नि माझ्या घराची भिंत एकच. आमचं गाव गोंडपिपरीच्या अंगाला. हा एकटा राहायचा, आपलं धान आपण पिकवायचा, आपली भाकर आपण थापायचा. लग्न केलं नाही. कोणी विषय काढला तर म्हणायचा, एकाच्या काळजीला एकच पुरतो.

त्याची एक खोड गावाला फार नडायची. दुपारी झोपलेलं माणूस त्याला बघवत नसे. ओट्यावर कोणी आडवा दिसला की हा उभा राहून त्याचं नाव बापाच्या नावासकट घ्यायचा आणि तो 'जित्ता हाओ' म्हणेपर्यंत घेत राहायचा. माझ्या सासऱ्यांनी एकदा मुद्दाम उत्तर दिलं नाही. त्याने त्यांच्या तोंडावर तांब्याभर पाणी ओतलं. सासरे काठी घेऊन त्याच्या मागे धावले, नि हा पुढे पळता पळता आनंदाने सगळ्यांना सांगत होता, "उठला, उठला."

ही खोड दंडारीतून आली असं लोक म्हणायचे. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि रात्रभर दंडार चालते. नाच, गाणी, सोंगं, सगळं असतं. आमच्या गावाची रीत अशी की, खेळात जो मेला त्याला खेळ संपल्यावर सगळ्यांसमोर उठवायचं. तोंडावर पाणी शिंपडायचं, सोंगाचं नाव सोडून त्याचं खरं नाव घ्यायचं आणि विचारायचं, "कोन होय गा तू?" त्याने आपलं नाव, बापाचं नाव सांगून 'जित्ता हाओ' म्हटलं की मग माणसांनी घरी जायचं. आधी गेलं तर सोंगाचं मरण माणसाला चिकटतं. याला आम्ही उठवणी म्हणतो, नि उठवणी करायचं काम डोमाजीचं. एका वर्षी राक्षस झालेला माणूस खेळात लवकरच मेला आणि तिथेच घोरायला लागला. पहाटे डोमाजीने पाणी मारलं तेव्हा त्याने झोपेत लाथ घातली. डोमाजीने लाथ खाल्ली, पण नाव वदवून घेतलं.

ते दिवस नव्या नव्या वस्तू गावात यायचे होते. सरकार पाठवायचं, व्यापारी आणायचे, आणि प्रत्येक वस्तूला डोमाजी एकच विचारायचा. "याचा जिम्मा कोनाचा?"

पंचायतीत रेडिओ आला. सगळे गोळा झाले. आतून एक बाई शेतीची माहिती सांगायला लागली. डोमाजीने तिला दोन-तीन गोष्टी विचारल्या, ती आपलंच सांगत राहिली. त्याने पाटलांना विचारलं, आपलं बोलणं तिला ऐकू जातं काय. पाटील म्हणाले, नाही. "मंग हे बोलनं नोहे, हा हुकूम होय," असं म्हणून हा रेडिओकडे पाठ करून बसला. पण बसला रोज, कारण गाणी त्याला आवडायची.

मग मच्छर मारायची पावडर फवारणारे आले. घराघरांत शिरून भिंती पांढऱ्या करून गेले. डोमाजीने त्यांना अडवून विचारलं, मच्छर मरते तर मरो, पण माझ्या मांजरीने भिंत चाटली आणि ती मेली तर जिम्मा कोणाचा? फवारणारा म्हणाला, आम्हाला वरून सांगितलं तेवढं आम्ही करतो. "वरतून म्हंजे कुठून?" ते त्यालाही ठाऊक नव्हतं. डोमाजीने मांजर माझ्या घरी आणून बांधली. माझंही घर फवारलेलं होतं, पण ते त्याच्या ध्यानात आलं नाही. मांजरीने दोर तोडून माझं कोंबडीचं पिल्लू खाल्लं. मी त्याच्या दारात जाऊन विचारलं, आता याचा जिम्मा कोणाचा? तो तसाच गेला आणि बाजारातून पिल्लू घेऊन आला. खाल्लेल्यापेक्षा ते मोठं होतं. मी ठेवून घेतलं.

मला त्याचं खूळ पटत नसे. पण त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

आणि मग त्या वर्षीच्या मंडईत सिनेमाचा तंबू लागला. आमच्यातल्या बहुतेकांनी सिनेमा आधी पाहिला नव्हता. डोमाजी पुढे जमिनीवर बसला होता. सिनेमा त्याला भारी आवडला. बाई झोक्यावर गायली तेव्हा त्याने मान डोलावली, सासूने छळलं तेव्हा सासूला शिव्या दिल्या. शेवटी बाई विष पिऊन मेली. सरण पेटलं, बायका रडल्या, मीसुद्धा पदर डोळ्याला लावला. शेठ मशीन बंद करणार तेवढ्यात हा पुढे जाऊन उभा राहिला.

ती चार माणसं त्याच्यापाशी पोचली तेव्हा शेठच मध्ये पडला. मंडईत मारामारी झाली तर तंबू राहणार नाही, एवढं त्याला कळत होतं. त्याने गोडीने समजावलं की ही बाई मुंबईत मजेत आहे, बंगल्यात राहते.

"तुमी पाह्यली?"

शेठने पाहिली नव्हती.

"रोज मारता तिले?"

"रोज दोन खेळ असतात."

"म्हंजे दोनदा मारता. आन् एकदाबी उठवत नाई?"

मजा अशी की तोवर ओरडणारी आमच्या गावची माणसं गप्प झाली होती. उठून उभे राहिलेले एकेक करून खाली बसले. त्यांच्याही मनात तेच होतं. उठवणी न करता आजवर कोणी घरी गेलं नव्हतं. ढेकूळ फेकणारा म्हणाला, डोमाभाऊ बोलून राह्यला ते बरोबर आहे, शेठ, उठवा बाईला. मग सगळा तंबूच म्हणायला लागला, उठवा, उठवा.

शेठने कपाळाला हात लावला. मग मशीनपाशी गेला, कसला तरी खटका ओढला आणि चित्र उलटं सुरू केलं.

तसली गंमत मी पुन्हा पाहिली नाही. आवाज नव्हता, नुसतं चित्र. जाळ लाकडांत शिरला. तिरडी मागे मागे चालत घरात आली. रडणाऱ्या बायकांचे अश्रू गालावरून वर चढून डोळ्यांत गेले. बाई ताडकन उठून बसली आणि तिने सगळं विष पेल्यात परत दिलं. सासू उलट्या पावलांनी पळाली तेव्हा तंबूत असा हशा झाला की बाहेरची माणसं कापड वर करून आत शिरली. शेठ स्वतः हसत होता.

त्याने बाईच्या चेहऱ्यावर चित्र थांबवलं. डोमाजीने कोणाचा तरी तांब्या घेतला, ओंजळीत पाणी घेतलं आणि शेठला विचारलं, "बाईचं खरं नाव का?"

शेठने जाहिरातीच्या कागदावर छापलेलं नाव सांगितलं. मग त्याने स्वतःच कबूल केलं की ते नाव सिनेमापुरतं आहे, खरं नाव त्यालाही ठाऊक नाही.

डोमाजीचा हात तसाच राहिला. बोटांमधून पाणी गळत होतं. हसणं थांबलं. मार खायला उभा राहिला तेव्हा तो घाबरला नव्हता, आता तो घाबरून एकेकाला बाईचं नाव विचारत होता. शेठ ओरडला, लवकर करा, थांबलेलं चित्र दिव्याने जळेल.

घरी गायीचं दूध काढायचं खोळंबलं होतं. मी बायकांतून उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "मी काशी, गंगारामची पोरगी. जित्ती हाओ. उठवून टाक मले आन् जाऊ दे घरी."

डोमाजीने माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे वळून पाणी शिंपडलं आणि खणखणीत आवाजात माझं नाव घेतलं. तंबूने टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून गावात मला सिनेमावाली म्हणायला लागले. आमचे घरधनी आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, घरात तेवढीच शांतता.

परतताना डोमाजी आमच्या बैलबंडीच्या कडेने चालत होता. मी त्याला विचारलं, एका चित्रासाठी ढेकूळ खायची काय गरज होती?

"मानमोडीची साथ आली तवा मी लहान होतो, बाई," तो म्हणाला. "घरचे सारे झोपले. मी एकेकाचं नाव घेऊन उठवलो. मायचं नाव मले मालूम नोहतं. मी नुसता माय, माय करत राह्यलो."

"मग गावात कोणाला विचारायचं होतं."

"विचारलो. साऱ्यायले ती डोमाची मायच मालूम."

त्याच्या घरात कोण कोण होतं ते मला सासूबाईंकडून ठाऊक होतं. आई, बाप, आजा आणि दोन बहिणी. त्या साथीत त्या घरातला डोमाजी तेवढा जगला.